गाडीचा पिकअप गेला म्हणजे टर्बोच गेला का? डिझेल गाडीतला खरा दोष असा ओळखा

चार माणसं, डिकीत सामान आणि समोर खंबाटकीचा चढ. एरवी तिसऱ्या गिअरवर सहज चढणारी डिझेल गाडी अचानक दमते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी वेग वाढत नाही, डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागतो आणि मागचा ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून बसतो. कशीबशी गाडी गॅरेजला पोहोचते आणि बॉनेट उघडायच्या आधीच निदान कानावर येतं, "टर्बो गेलाय. बदलावा लागेल."

हे वाक्य महागात पडणारं आहे. नवा टर्बो आणि त्याची मजुरी धरली तर बिल हजारोंच्या घरात जातं. टर्बो खरोखर खराब झाला असेल तर इलाज नाही. पण पिकअप जाण्याची कारणं अनेक आहेत आणि त्यातली बरीचशी टर्बोच्या बाहेर असतात. फाटलेला रबरी पाइप, सैल झालेली क्लिप, उंदराने कुरतडलेली बारीक नळी, चोंदलेला फिल्टर किंवा चुकीचं रीडिंग देणारा सेन्सर यातलं काहीही गाडीची तशीच अवस्था करू शकतं. उलट बाजूही आहे. टर्बो खरंच बिघडला असेल आणि तो का बिघडला हे न शोधता नवा बसवला, तर नवाही थोड्याच दिवसांत जातो.

म्हणून आधी तपासणी, मग खर्च. ही तपासणी कोणत्या क्रमाने करायची आणि गॅरेजवाल्याला नेमकं काय विचारायचं, ते समजून घेऊ.

टर्बो नेमकं करतो काय?

डिझेल जाळायला हवा लागते. सिलिंडरमध्ये जितकी जास्त हवा जाईल, तितकं जास्त डिझेल नीट जळेल आणि तितकी जास्त ताकद मिळेल. इंजिनमधून बाहेर पडणाऱ्या गरम धुरात बरीच ऊर्जा असते, ती एरवी सायलेन्सरमधून वाया जाते. टर्बो तीच ऊर्जा वापरतो. धुराच्या झोताने एक चाक फिरतं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक असतं. ते बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनकडे पाठवतं. दाबलेली हवा तापते, म्हणून वाटेत ती इंटरकूलरमधून थंड केली जाते. या वाढीव दाबालाच 'बूस्ट' म्हणतात.

ही कल्पना जुनी आहे. आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली तिचं पेटंट घेतलं होतं.

टर्बोमुळे किती फरक पडतो याचं एक ओळखीचं उदाहरण म्हणजे फियाटने विकसित केलेलं १.३ लिटरचं, म्हणजे १,२४८ सीसीचं मल्टिजेट डिझेल इंजिन. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा कितीतरी गाड्यांत ते होतं. पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातही ते तयार व्हायचं. हेच इंजिन काही गाड्यांत ७५ पीएस ताकद द्यायचं आणि काहींत ९०. सिलिंडरचा आकार तोच होता, पण ९० पीएसच्या इंजिनला पात्यांचा कोन बदलता येणारा वेगळा टर्बो होता.

मारुतीने एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम लागू होताना डिझेल कार बंद केल्या. त्यामुळे आज रस्त्यावर दिसणारी मारुतीची प्रत्येक डिझेल कार त्याआधीची आहे. अशा अनेक गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत. रबर कडक झालेलं आहे, क्लिपा गंजल्या आहेत, आधीच्या मालकाने ऑइल वेळेवर बदललं का हे कुणालाच माहीत नाही. टर्बोबद्दलचा संशय याच वयात बळावतो.

टर्बो इतका नाजूक का असतो?

इंजिन मिनिटाला चार-पाच हजार फेरे मारतं. लहान गाडीच्या टर्बोचा दांडा पूर्ण जोरात असताना दोन लाखांच्या आसपास जाऊ शकतो. बहुतेक टर्बोंमध्ये हा दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. ऑइल कमी पडलं, घट्ट झालं किंवा त्यात कचरा आला की धातू धातूला घासतो. म्हणूनच टर्बो बहुतेक वेळा स्वतःहून मरत नाही. त्याला ऑइल तरी मारतं, नाहीतर आत गेलेली बाहेरची वस्तू तरी.

पहिली पायरी : लक्षण नीट ओळखा

'पिकअप नाही' एवढं सांगून भागत नाही. पुढच्या गोष्टी आठवून लिहून ठेवा, मेकॅनिकचं अर्धं काम सोपं होतं.

आरपीएम वाढतो, पण गाडीचा वेग वाढत नाही? मग संशय टर्बोवर नाही, क्लचवर घ्या. इंजिन ताकद देतंय, ती चाकांपर्यंत पोहोचत नाहीये.

गाडी एका ठरावीक आरपीएमच्या पुढे जातच नाही आणि बंद करून पुन्हा चालू केली की काही वेळ ठीक चालते? हा बहुधा 'लिम्प मोड' आहे. गाडीच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला, काहीतरी गडबड दिसली की तो इंजिन वाचवण्यासाठी ताकद मुद्दाम कमी करतो.

जोर देताना फुस्स किंवा मोठ्या शिट्टीसारखा आवाज येतो? दाबलेली हवा कुठेतरी गळत असण्याची शक्यता जास्त. सायरनसारखा, आरपीएमबरोबर चढत जाणारा आवाज किंवा धातू घासल्याचा आवाज मात्र टर्बोच्या आतल्या झिजेकडे बोट दाखवतो.

धुराचा रंगही बोलतो. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडतेय. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा किंवा कूलंटच्या वाफेचा असू शकतो. काळा धूर दिसला म्हणून टर्बो गेला असं ठरत नाही. हवेचा फिल्टर चोंदला, पाइप फाटला, ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकला किंवा इंजेक्टर बिघडला तरी काळा धूर येतो.

दुसरी पायरी : स्वस्त गोष्टी आधी

बॉनेट उघडल्यावर काही मिनिटांत दिसू शकणाऱ्या गोष्टी आधी बघायच्या. इंजिन बंद आणि थंड असू द्या.

हवेचा फिल्टर काढून बघा. धुळीच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा फिल्टर ठरलेल्या किलोमीटरच्या आधीच चोंदतो. डिझेल फिल्टर शेवटचा कधी बदलला तेही तपासा. डिझेल कमी पडलं तरी गाडी अशीच दमते.

मग टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनपर्यंत जाणारे जाड पाइप हाताने चाचपा. खालच्या बाजूला, वळणावर आणि क्लिपपाशी नीट बघा. तिथे ओलसर, तेलकट, काळी धूळ चिकटलेली दिसली तर हवा गळण्याची तीच जागा असू शकते. एक अडचण अशी की गाडी जागेवर चालू असताना पाइपात फारसा दाब नसतो. चिरलेला पाइप तेव्हा मिटलेलाच दिसतो आणि चढावर जोर दिला की उघडतो. म्हणून 'बघितलं, ठीक आहे' एवढं पुरेसं नाही. चांगल्या गॅरेजमध्ये पाइपांत बेताच्या दाबाने हवा सोडून साबणाच्या पाण्याने बुडबुडे बघतात, किंवा धुराचं मशीन लावून गळती शोधतात.

बारीक व्हॅक्यूम नळ्या विसरू नका. अनेक डिझेल गाड्यांत टर्बोवरचा ॲक्च्युएटर याच नळ्यांमधल्या व्हॅक्यूमवर चालतो. पावसाळ्यात उभ्या गाडीत उंदीर शिरतात आणि रबर कुरतडतात. काही रुपयांची नळी तुटली की लक्षणं हुबेहूब टर्बो गेल्यासारखी दिसतात.

तिसरी पायरी : कोड काय सांगतो आणि काय सांगत नाही

स्टेअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला की ईसीयूने नोंदवलेला कोड दिसतो. टर्बोच्या बाबतीत हमखास येणारे दोन कोड म्हणजे पी०२९९ आणि पी०२३४. पहिला म्हणजे बूस्ट हवा त्यापेक्षा कमी, दुसरा म्हणजे हवा त्यापेक्षा जास्त.

इथेच सगळ्यात मोठी चूक होते. पी०२९९ चा अर्थ 'टर्बो खराब आहे' असा नाही. ईसीयूने जेवढा दाब मागितला तेवढा मिळाला नाही, इतकंच तो सांगतो. दाब तयारच झाला नाही, की तयार होऊन वाटेत गळला, की दाब बरोबर होता आणि मोजणारा सेन्सर खोटं बोलला, हे कोडवरून कळत नाही. ताप आलाय एवढं थर्मामीटर सांगतो, मलेरिया आहे की टायफॉइड ते नाही. हेही तसंच आहे.

कोड पुसण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा. काही स्कॅनर कोड नोंदला त्या क्षणीचा आरपीएम, वेग आणि इंजिनवरचा भारही दाखवतात. तोही जपून ठेवा.

चौथी पायरी : मोजणारा सेन्सर खरं बोलतोय का?

ही चाचणी सोपी आहे, पण बऱ्याचदा राहून जाते. इंजिन बंद ठेवा, फक्त चावी ऑन करा आणि स्कॅनरवर इनटेकच्या दाबाचं रीडिंग बघा. इंजिन बंद असताना पाइपात फक्त बाहेरच्या हवेचा दाब असतो. म्हणजे रीडिंग त्या जागेच्या हवेच्या दाबाएवढं यायला हवं.

मुंबईत, समुद्रसपाटीला, हा आकडा १०० किलोपास्कलच्या आसपास असतो. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, तिथे तो ९५ च्या जवळ येईल. महाबळेश्वर १,३०० मीटरपेक्षा जास्त उंच आहे, तिथे ८६-८७. म्हणजे महाबळेश्वरात ८६ दिसणं हा बिघाड नाही, पण मुंबईत ८६ दिसलं तर सेन्सर किंवा त्याची वायर तपासायला हवी. काही ॲप फक्त वाढीव दाब दाखवतात. तिथे इंजिन बंद असताना आकडा शून्याजवळ हवा.

पाचवी पायरी : मागितलं किती, मिळालं किती?

आता खरी परीक्षा. ही रस्त्यावर घ्यायची असते आणि दोन माणसं लागतात. एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने स्कॅनर बघायचा. मोकळा, हलक्या चढाचा रस्ता आणि तिसरा गिअर. कमी आरपीएमवरून ॲक्सिलरेटर दाबत वर न्यायचं आणि दोन आकडे बघायचे. एक, ईसीयूने मागितलेला बूस्ट. दोन, प्रत्यक्ष मिळालेला. साध्या ॲपवर मागितलेला आकडा दिसत नाही, त्यासाठी गॅरेजचा स्कॅनर लागतो. या दोन आकड्यांवरून चार शक्यता निघतात.

दोन्ही आकडे जवळपास सारखे, तरी गाडी दमलेली : टर्बो त्याचं काम करतोय. क्लच, डिझेलचा पुरवठा, जाम झालेले ब्रेक किंवा चोंदलेला सायलेन्सर बघा.

मागितलेलाच आकडा कमी : ईसीयू स्वतःहून हात आखडता घेतोय. दुसऱ्या एखाद्या बिघाडामुळे गाडी लिम्प मोडमध्ये असू शकते. बाकीचे कोड वाचा.

मागितले समजा २२०, मिळाले १५० : इथे टर्बोच्या बाजूला दोष आहे. पण आधी गळती, मग ॲक्च्युएटर आणि त्याचा व्हॅक्यूम, मग टर्बो, असाच क्रम ठेवा.

मिळालेला आकडा मागितल्यापेक्षा वर उसळतो आणि मग गाडी एकदम मरगळते : पात्यांचा कोन बदलणाऱ्या टर्बोत काजळी साचून पाती अडकली असण्याची शक्यता असते. अनेकदा टर्बो उघडून साफ केल्याने काम होतं.

बीएस-६ गाड्यांमध्ये आणखी एक गोष्ट बघायची. धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ चोंदला असेल तर धूर मोकळा बाहेर पडत नाही आणि टर्बोला पुरेसा झोत मिळत नाही. शहरात रोज दोन-चार किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत हे हमखास होतं, कारण काजळी जाळायला लागणारं तापमान गाठलंच जात नाही.

सहावी पायरी : ॲक्च्युएटर आणि दांडा

व्हॅक्यूमवर चालणाऱ्या ॲक्च्युएटरला मेकॅनिक हातपंप लावून व्हॅक्यूम देतो. त्याची काडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग सरकली पाहिजे आणि तिथेच टिकली पाहिजे. अडखळत सरकली तर पाती किंवा सांधा जाम आहे. सरकून हळूहळू परत आली तर आतला पडदा फाटला आहे. इलेक्ट्रॉनिक ॲक्च्युएटर मात्र हाताने ढकलायचा नाही, आतले गिअर तुटतात. त्याची चाचणी स्कॅनरवरूनच होते.

आता शेवटी टर्बो. हवेच्या बाजूचा पाइप काढायचा आणि चाक बोटांनी हलकेच हलवून बघायचं. दांडा वर-खाली किंचित हलला तर घाबरायचं कारण नाही, कारण ऑइलच्या थरासाठी तेवढी जागा ठेवलेलीच असते. तो आत-बाहेर जाणवण्याइतका सरकत असेल, पातं घराला घासल्याच्या खुणा असतील, पाती वाकली-तुटली असतील किंवा चाक मोकळं फिरत नसेल, तर टर्बो खरोखर गेला आहे.

पाइपात तेल दिसलं म्हणून लगेच निकाल देऊ नका. इंजिनच्या ब्रीदरमधून ऑइलची वाफ येते, त्यामुळे पातळ थर असतोच. तेल साचून ओघळत असेल तर मात्र गंभीर आहे. तेव्हाही ब्रीदर चोंदलाय का आणि टर्बोतून ऑइल खाली नेणारा पाइप दबलाय का, हे आधी बघायचं. परतीची वाट बंद असेल तर धडधाकट टर्बोही ऑइल बाहेर टाकतो.

गाडी लगेच कधी थांबवायची?

पिकअप थोडा कमी आणि बाकी काही नाही, अशा अवस्थेत गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. पण ते काम महिनोन्महिने टाळू नका. हवा गळत असेल तर कमी पडलेला दाब भरून काढायला टर्बोला जास्त वेगाने फिरावं लागतं. आज पाइपावर भागणारं काम उद्या टर्बोवर जातं.

निळ्या धुराचे लोट, ऑइलचा दिवा किंवा धातू घासल्याचा आवाज यातलं काही असेल तर गाडी बाजूला घ्या, बंद करा आणि टो करून न्या.

सगळ्यात धोकादायक प्रकार क्वचित होतो, पण माहीत हवा. टर्बोतून ऑइल मोठ्या प्रमाणात इंजिनमध्ये गेलं तर इंजिन डिझेलऐवजी त्या ऑइलवरच चालायला लागतं. पाय काढला तरी आरपीएम चढत राहतो आणि चावी फिरवूनही इंजिन बंद होत नाही. मॅन्युअल गाडी असेल तर ती थांबवून ब्रेक आणि हँडब्रेक घट्ट लावा, सगळ्यात वरचा गिअर टाका आणि क्लच सोडा, म्हणजे इंजिन गुदमरून बंद पडेल. ऑटोमॅटिक गाडीत हा उपाय चालत नाही. तिथे सगळ्यांनी उतरून लांब जाणं हेच शहाणपण. हवेचं तोंड हाताने दाबायच्या फंदात पडू नका.

गॅरेजमध्ये काय विचारायचं?

टर्बो बदलायला होकार देण्याआधी पाच प्रश्न विचारा. कोणता कोड आला होता? मागितलेला आणि मिळालेला बूस्ट किती होता? गळतीची चाचणी कशी केली? ॲक्च्युएटर तपासला का? दांड्यात नेमका काय दोष दिसला, मला दाखवाल का? चांगल्या मेकॅनिकला या प्रश्नांचा राग येत नाही, कारण त्याच्याकडे उत्तरं असतात.

बदलायचाच असेल तर जुना टर्बो परत मागा आणि तो का गेला हे विचारा. नवा बसवताना इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर नवे हवेत. टर्बोला ऑइल पोहोचवणारा बारीक पाइप बदलायला किंवा पूर्ण साफ करायला हवा. जुन्या टर्बोचे तुकडे आणि ऑइल इंटरकूलरमध्ये अडकलेले असतात, तोही साफ व्हायला हवा. गाडी चालू करण्याआधी नव्या टर्बोत ऑइल भरलं जातं का, तेही बघा. पहिले काही सेकंद कोरडा फिरला तरी त्याचं आयुष्य घटतं.

टर्बो टिकवायचा कसा?

कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल, वेळेवर. खरं तर बरंचसं उत्तर इथेच संपतं. सकाळी गाडी चालू केल्याबरोबर रेस देऊ नका, ऑइल वरपर्यंत पोहोचू द्या. घाट चढून किंवा हायवेवर वेगात येऊन थांबलात तर मिनिटभर इंजिन चालू ठेवा. तापलेल्या टर्बोतून ऑइल फिरत राहतं आणि ते आतच करपत नाही. हवेचा फिल्टर स्वस्तातला, न बसणारा लावू नका. फटीतून आत गेलेला खडीचा एक कण दोन लाख फेऱ्यांनी फिरणाऱ्या पात्याला पुरेसा असतो.

सेकंडहँड डिझेल गाडी घेत असाल तर ती थंड असतानाच बघायला जा, सर्व्हिसची बिलं मागा आणि चढावर चालवून बघा. गाडी सपाट रस्त्यावर ठीक वाटते, चढावर तिचं खरं रूप दिसतं. विकणारा चढावर न्यायला तयार नसेल, तर दुसरी गाडी बघा.